लॅमिंग्टन रोड, बाबा आणि नऊ किलोचा ॲम्प

टीव्हीचे डायलॉग नीट कळावेत, एवढीच मागणी होती. त्यापायी एक अख्खा शनिवार, दोन बाजार आणि एका लेखाचं अख्खं मानधन खर्ची पडलं. पण बॉस, वर्थ इट!

शनिवार, सकाळचे साडेअकरा. ग्रँट रोड स्टेशनच्या पुलावर माझे बाबा शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढतात. माझी यादी फोनमध्ये आहे. 'ॲम्प. काळा रंग. ब्लूटूथ मस्ट. बजेट २० हजार.' बाबांच्या कागदावर फक्त दोन शब्द आहेत : 'आठ ओहम'.

तुम्ही म्हणाल, आजच्या जमान्यात ॲम्प घ्यायला कुणी लॅमिंग्टन रोडला जातं का? बसल्या जागी ऑर्डर करा, उद्या दारात हजर. माझंही तेच म्हणणं होतं. पण त्याआधी थोडा फ्लॅशबॅक.

गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि बाबा माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आले. आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. एका वन बीएचकेमध्ये एक फ्रीलान्स पत्रकार आणि एक टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला टेक्निशियन. सामान म्हणून बाबांनी दोन ट्रंका आणल्या आणि गोणपाटात बांधलेले दोन स्पीकर. १९८२ साली लॅमिंग्टन रोडवरून आठ इंची वूफर आणि ट्विटर आणून, गिरगावातल्या सुताराकडून सागवानी खोकी करून घेऊन त्यांनी ते स्वतः बनवले होते. सोबतचा घरी बनवलेला ॲम्प मात्र केव्हाच भंगारात गेला होता.

प्रॉब्लेम सुरू झाला तो टीव्हीवरून. बाबांचा व्हॉल्यूम ४०. माझा १५. शेजारच्या काकू आधी हसून बोलल्या, मग न हसता. बाबांचं एकच पालुपद, "आवाज येतो गं, पण शब्द कळत नाहीत. या चपट्या टीव्हीत स्पीकरला जागाच नाही." मुद्दा बरोबर होता. पातळ टीव्हीचे स्पीकर चिमुकले असतात आणि बहुतेक वेळा त्यांची तोंडं खाली किंवा भिंतीकडे असतात. म्हटलं ठीक, जुने स्पीकर आहेतच, त्यांना एक ॲम्प घेऊ. हाय काय अन् नाय काय!

पाटीवर एक नाव, तोंडात दुसरं

या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा, तो आरशातून तुमच्याकडे बघेल. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव पाट्यांवरून गेलं, तोंडातून काही जात नाही.

स्टेशनच्या पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटं चाललं की वास बदलतो. वडापावच्या तळणीत सोल्डरिंगचा धूर मिसळायला लागतो. मग दुकानं सुरू होतात. काही तर इतकी अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मालकाने बाहेर यावं. काउंटरवर प्लास्टिकच्या बरण्यांमधून चॉकलेटं असावीत तसे रेझिस्टर, कपॅसिटर, एलईडी. छताला लटकलेली वायरची भेंडोळी. एका दुकानात फक्त कनेक्टर, दुसऱ्यात फक्त ट्रान्सफॉर्मर, तिसऱ्यात गणपती मंडळांसाठीचे भोंगे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आलेली इंजिनिअरिंगची पोरं, सीसीटीव्ही बसवणारे, लाउडस्पीकरवाले... सगळे एकाच काउंटरवर कोपर टेकून.

बाबा इथे आले आणि दहा वर्षांनी तरुण झाले. "इथे मिनर्व्हा होतं," ते एका जागी थांबून म्हणाले. १९७५ साली 'शोले' या मिनर्व्हात लागला आणि पाच वर्षांहून जास्त चालला. सत्तर एमएम पडदा आणि स्टिरिओफोनिक साउंड. जयने उडवलेलं नाणं पडल्याचा आवाज आला की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं सांगतात. बाबा तेव्हा १८ वर्षांचे होते. "मी बघितलं नव्हतं वाकून," ते म्हणाले, "पण आवाज कुठल्या बाजूने आला ते आजही सांगेन." मिनर्व्हा आता राहिलेलं नाही. बाबांनी मात्र हात करून दाखवलं : उजवीकडून.

त्या नाण्याच्या आवाजामुळेच आपल्याला हा नाद लागला, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. मग इथूनच टू-एन-थर्टी-फिफ्टी-फाइव्ह नावाचे पत्र्याच्या टोपीसारखे दिसणारे ट्रान्झिस्टर, अभ्रकाची चकती, ॲल्युमिनियमची हीटसिंक असं एकेक घेत, पगारापगाराला थोडं थोडं करत त्यांनी पहिला ॲम्प बनवला होता.

हजार वॉटचा फंडा

पहिल्या दुकानात आमचा मस्त पोपट झाला. म्हणजे झालाच असता.

"अंकल, ये लेके जाओ. हजार वॉट!" दुकानदाराने निळे लाइट लुकलुकणारा एक डबा काउंटरवर ठेवला. विचारत होते मी, पैसे देणार होते मी, पण उत्तरं सगळी बाबांना. मुलींनो, ओळखीचं वाटतंय ना? मी 'आरएमएस किती?' असं विचारल्यावर पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं.

इथे थोडं टेक्निकल होऊया, कारण इथेच भलेभले फसतात. डब्यावर लिहिलेले ते हजार वॉट 'पीएमपीओ' असतात. ते मोजायचं कुठलंही सर्वमान्य परिमाण नाही, त्यामुळे कंपनीच्या मनाला येईल तो आकडा छापता येतो. बघायचं ते आरएमएस, म्हणजे ॲम्प सलग किती ताकद देऊ शकतो ते, आणि तेही 'किती ओहमला' हे लिहिलेलं असेल तर. बाबांनी डबा उलटा केला. मागच्या पट्टीवर लिहिलं होतं, वीज लागते ६० वॉट. "साठ खाऊन हजार कसे देणार हा?" बाबांनी शांतपणे विचारलं. दुकानदाराने डबा परत शेल्फवर ठेवला.

आणि गंमत अशी की घरात एवढे वॉट लागतच नाहीत. साधारण स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर ८६ ते ९० डेसिबल आवाज मिळतो. हॉलमध्ये गप्पा मारता येतील इतक्या आवाजात गाणी ऐकताना आपण अर्धा वॉटसुद्धा वापरत नाही! ताकद दुप्पट केली, म्हणजे ५०चे १०० वॉट केले, तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दहापट ताकद लागते. मग मोठा ॲम्प घ्यायचा कशाला? तर तबल्यावर एकदम थाप पडते, ढोल घुमतो, तेव्हा क्षणभर लागणारी जास्तीची ताकद न फाटता देता यावी म्हणून. आमच्या हॉलला चॅनेलमागे ५० खरे वॉट म्हणजे चंगळ.

दुसऱ्या दुकानात मी स्मार्टपणे म्हटलं, "पॉवर ॲम्प दाखवा." त्यांनी दाखवला. काळाकुळकुळीत, देखणा, पुढे फक्त एक बटण.

"याचा व्हॉल्यूम कुठेय?"

बाबा हसले. "अगं, पॉवर ॲम्प म्हणजे नुसता पहिलवान. ताकद आहे, पण किती लावायची ते सांगायला वस्ताद लागतो. तो वस्ताद म्हणजे प्रीॲम्प. टीव्ही लावायचा की फोन, आवाज किती, बास-ट्रेबल किती, ते सगळं त्याच्याकडे. दोघं एकाच डब्यात घातले की झाला इंटिग्रेटेड."

मास कॉमच्या दोन वर्षांत इतकी सोपी व्याख्या मला कुणी लिहून दिली नव्हती.

शंभर व्होल्टचं प्रेम

दुपारी चोरबाजारात डोकावलो. मटण स्ट्रीटवर जुन्या ग्रामोफोनच्या कर्ण्यांच्या आणि जहाजांच्या कंदिलांच्या गर्दीत एका दुकानात दिसला सान्सुईचा जुना ॲम्प. चकचकीत ॲल्युमिनियमची नॉब्ज, लाकडी कॅबिनेट... लव्ह ॲट फर्स्ट साइट! इन्स्टावर टाकायला फोटोही काढून झाला.

बाबांनी मागची बाजू बघितली. १०० व्होल्ट. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३०. थेट आपल्या सॉकेटला लावला तर प्रेमकहाणी धुरात संपणार. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण चाळीस-पन्नास वर्षांत आतले कपॅसिटर सुकलेले असतात. ते बदलणारा खात्रीचा माणूस माहीत असेल तरच या वाटेला जावं. मी निमूटपणे फोन पर्समध्ये ठेवला.

टाळ कुठे गेले?

चार वाजता पुन्हा लॅमिंग्टन रोड. एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर, लाकडी जिना चढून, एक वयस्कर कच्छी गृहस्थ. कपाटभर ॲम्प. 'लेना हो तो लो' अशी घाई नाही. आधी स्पीकर कुठले, खोली केवढी, ऐकणार काय, हे सगळं विचारलं. आणि मला विचारलं!

त्यांनी आमच्यापुढे दोन पर्याय ठेवले. एक क्लास-डी : हातात मावेल एवढा, गरम होत नाही, ८०-९० टक्के वीज थेट आवाजाच्या कामाला. दुसरा क्लास-एबी : निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत घालवणारा, आत मेदूवड्याच्या आकाराचा भला मोठा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, वजन नऊ किलो. "आज के छोटेवाले भी अच्छे हैं, झूठ नहीं बोलूंगा," ते म्हणाले. माझं मत लहानग्याला होतं. पण बाबांनी मोठ्याच्या झाकणाच्या जाळीतून आत बघितलं, आणि आतला प्रत्येक भाग ते ओळखत होते. उद्या बिघडला तर उघडून बसता येईल, असा. माझा निर्णय तिथेच झाला.

मग डेमो. बाबांनी पंडित भीमसेन जोशींचा अभंग लावायला सांगितला. आवाज असा भरून आला की माझ्या अंगावर काटा. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांच्या कपाळावर आठी आली.

"ट्विटर गेलाय यांचा," ते म्हणाले. "टाळ येत नाहीयेत."

टाळ येत होते. स्वच्छ, खणखणीत, दोन्ही स्पीकरमधून. मला ऐकू येत होते. दुकानदारांना येत होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

सकाळपासूनचे तुकडे एकदम जुळले. पहिल्या दुकानात बाबा प्रत्येक प्रश्नाला नुसतं 'हं हं' करत होते ते. रस्त्यावर मी बोलताना माझ्या तोंडाकडे बघत होते ते. टीव्हीचा ४०चा व्हॉल्यूम. 'आवाज येतो, शब्द कळत नाहीत.' वर्षभर मी त्या बिचाऱ्या चपट्या टीव्हीला बोल लावत होते.

दुकानदार काही न बोलता उठले. "केबल ढीली है, अंकल," म्हणाले, स्पीकरच्या मागे हात घालून काहीतरी केल्यासारखं केलं, आणि परत येताना प्रीॲम्पचं ट्रेबलचं नॉब अलगद उजवीकडे फिरवलं.

"हां," बाबा म्हणाले. "आता आले."

ॲम्प आणि छोटा प्रीॲम्प मिळून साडेअठरा हजार. मी यूपीआय केलं तेव्हा त्या गृहस्थांकडे बघून मान हलवली. त्यांनीही हलवली. थँक्यू म्हणायची ही पद्धत मी पहिल्यांदाच वापरली.

हम्म्म्म...

भायखळ्यापर्यंत टॅक्सी, मग फास्ट लोकलमध्ये मांडीवर नऊ किलो. घरी आल्यावर बाबांनी मला हात लावू दिला नाही. लाल वायर लालला, काळी काळ्याला, दोन्ही स्पीकरला सारखं. एकाची जरी उलटी लागली तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि बास हवेतच गायब होतो. वायर दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची, मीटरवर मिळणारी. सगळं जोडून झाल्यावरच प्लग. चालू करताना आधी टीव्ही आणि प्रीॲम्प, शेवटी पॉवर ॲम्प. बंद करताना आधी पॉवर ॲम्प. नाहीतर स्पीकरमधून 'धप्प!' ऐकायला मिळतं.

चालू केला. मला सगळं ठीक वाटलं. बाबांनी बोट वर केलं. "हम येतोय."

मला ऐकूच येत नव्हता! स्पीकरजवळ कान नेला तेव्हा कळला, बारीकसा 'हम्म्म'. बाबांनी वूफरच्या कागदावर तळवा टेकवला. "पन्नासचा आहे. अर्थिंगचा घोळ." आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तोच सूर स्पीकरमधून येत होता. त्यांनी टीव्हीच्या मागची केबलवाल्याची वायर काढली. हम बंद. लावली. हम चालू.

याला म्हणतात ग्राउंड लूप. ॲम्पला घराचं अर्थिंग, केबलच्या वायरला बाहेरचं वेगळं. दोन्हींत किंचित फरक असतो आणि तो ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहायला लागतो. काही महाभाग यावर ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. ते अजिबात करू नका, ती पिन शॉक लागू नये म्हणून असते. आम्ही टीव्हीतून ऑप्टिकल केबल काढली आणि तिचा सिग्नल ॲम्पला समजेल असा करणारा छोटा कन्व्हर्टर मधे लावला. ऑप्टिकलमधून वीज जात नाही, फक्त उजेड जातो. लूप तुटला.

टाळ न ऐकू येणाऱ्या माणसाने जो हम पकडला, तो मला ऐकू आला नव्हता. त्या रात्री मी ते बाबांना तसंच सांगितलं. दुकानात काय झालं, तेही. ते बराच वेळ वायरी गुंडाळत बसले.

"नॉब फिरवलं होतं त्याने," शेवटी म्हणाले. "बघितलं मी."

दुसरा ॲम्प

ऑडिओलॉजिस्टने काढलेला आलेख बाबांनी इंजिनिअरसारखा वाचला. डावीकडे, खालच्या सुरांना, रेघ जवळजवळ सरळ. उजवीकडे, वरच्या सुरांना, घसरगुंडी. वयानुसार बहुतेकांचं असंच होतं. आणि 'स', 'श', 'फ', 'थ' ही व्यंजनं नेमकी त्या घसरगुंडीवर बसतात. म्हणून आवाज येतो आणि शब्द कळत नाहीत. व्हॉल्यूम ४०वर नेऊन काही होत नाही, फक्त शेजारच्या काकू चिडतात.

ट्रायलसाठी मिळालेलं कानातलं यंत्र बाबांनी उलटंसुलटं करून बघितलं. "यातला ॲम्प कुठल्या क्लासचा?" ऑडिओलॉजिस्ट बाई गोंधळल्या. उत्तर मी दिलं : क्लास-डी. एवढ्याशा बॅटरीवर दिवसभर चालायचं तर दुसरं काय असणार? बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं दहावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं.

यंत्राची किंमत ऐकून मला घेरी यायची बाकी होती. त्यापुढे आमचा नऊ किलोचा पहिलवान म्हणजे किस झाड की पत्ती. अजून घेतलेलं नाही, दोन चेक यायचेत. पण ट्रायलच्या पहिल्या संध्याकाळी बाबांनी तोच अभंग लावला. टाळ सुरू झाले तसे ते दचकलेच. मग उठले, प्रीॲम्पपाशी गेले आणि ट्रेबलचं नॉब फिरवून बरोबर मधे आणून ठेवलं.

जाता जाता : ॲम्प घ्यायला निघालात?

- लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारच्या आत पोचा.
- स्पीकरच्या मागचे ओहम लिहून न्या. चार ओहमचा स्पीकर असेल तर ॲम्प चार ओहमला चालतो का, ते विचारा.
- पीएमपीओ विसरा. आरएमएस, वीज किती खातो आणि (क्लास-एबी असेल तर) वजन किती, हे तिन्ही बघा.
- डेमोला तुमचं रोजचं, पाठ असलेलं गाणं न्या. दुकानातलं गाणं नेहमी छानच वाटतं.
- ॲम्पच्या वर चार बोटं तरी जागा मोकळी सोडा. आत्याने दिलेला क्रोशाचा रुमाल त्यावर घालू नका, त्याला घाम येतो!
- दोन्ही स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण करा. फुकटात मिळणारं सगळ्यात मोठं अपग्रेड.
- निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहानंतर पहिलवानाला झोपू द्या.
- आणि घरातल्या कुणाचा टीव्ही ४०वर असेल, तर ॲम्पच्या आधी कान तपासून घ्या.